राखड कुणाच्या नावावर?

(शहापूर, जिल्हा भंडारा इथं वस्तीतली पोरं आणि नागपूर-मुंबईहून आलेले तरुण कार्यकर्ते यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



माईक राहू द्या. एवढ्याशा विहारात माईक कशाला? शिवाय विषय विजेचा आहे. मध्येच लाइट गेली तर माझ्याआधी माईकच गप्प व्हायचा.

पाहुणे दोस्त नागपूरहून हायवेनं आले. मौद्याजवळ चिमण्या बघितल्या असतील. एकानं मला उतरल्या उतरल्या विचारलं, तो सिमेंटचा कारखाना आहे का? नाही रे बावा. ती तुझ्या घरातली ट्यूबलाइट आहे. तिचं दुसरं टोक. ते टोक शहरातल्या माणसानं सहसा बघितलेलं नसतं, म्हणून तर तुम्हाला इथं बोलावलं.

मौद्याचं केंद्र एनटीपीसीचं. आधी ५०० मेगावॅटचे दोन संच आले. मग विस्तार झाला, ६६० चे आणखी दोन. आज २३२० मेगावॅट, इथून वीसेक किलोमीटरवर. नागपूरच्या त्या अंगाला कोराडी, महानिर्मितीचं, २१९०. त्याच्या शेजारी खापरखेडा, १३४०. आणि आपल्या ह्या बाजूला गोंदिया जिल्ह्यात तिरोडा, अदानीचं, ६६० चे पाच, म्हणजे ३३००. बेरीज करा. ९१५० मेगावॅट. शहापूर ह्या सगळ्यांच्या मधोमध बसलेलं गाव आहे. तरी परवा रात्री माझ्या मावशीच्या घरी मी कंदिलात जेवलो. रोज असं होतं असं नाही. पण झालं.

आता कोराडीत आणखी दोन संच घालायचे आहेत. ६६० चे दोन, १३२० मेगावॅट. त्याची जनसुनावणी २९ मे २०२३ ला झाली. ऐन मे महिन्यात, विदर्भाच्या उन्हात. सरकारचं म्हणणं असं की जुने, जास्त कोळसा खाणारे संच मोडीत निघाले, त्यांच्या बदल्यात हे नवे. नवा संच एका युनिटला जुन्यापेक्षा कमी कोळसा जाळतो हे खरं आहे. खोटं कशाला बोलायचं? आपली बाजू खरी असेल तर खोट्याची गरज नाही.

पण 'विस्तार' ह्या शब्दाकडे जरा नीट बघा. कोराडीचा पहिला संच १९७४ चा, १२० मेगावॅटचा. १९८३ पर्यंत सात झाले. मग जुने थकले. २०१५ ते २०१७ ह्या काळात ६६० चे तीन आले. आता आणखी दोन. दर खेपेला विस्तार. दर खेपेला सांगितलं गेलं की जागा जुनीच आहे, आवार जुनंच आहे, नवं कुणाचं काही घेत नाही. जागा जुनी असेल. पण नव्या संचाचा धूर नवा असतो. राखड नवी असते. आणि ती ज्याच्या छातीत जाते तो पोरगाही नवाच जन्मलेला असतो.

तेव्हा आज मी एकच प्रश्न घेऊन उभा आहे. मेगावॅट कुणाच्या नावावर लागतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. राखड कुणाच्या नावावर लागते?

शहापूर नावाची गावं महाराष्ट्रात बरीच आहेत. मुंबईच्या दोस्तांना शहापूर म्हटलं की ठाणे जिल्ह्यातलं आठवतं. कसाऱ्याची लोकल धरायची, आसनगावला उतरायचं. त्या तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे. मुंबई त्यांचं पाणी पिते. आणि त्याच तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. बाई हंडा घेऊन उभी, आणि डोंगराच्या पलीकडून मुंबईची पाइपलाइन चाललेली. आता दुसरी गंमत. चंद्रपूरची वीज मुंबईकडे न्यायला एक थेट लाइन टाकलेली आहे, साडेसातशे किलोमीटर लांब, १५०० मेगावॅटची. ती उतरते कुठं? पडघ्याला, भिवंडी तालुक्यात. म्हणजे त्या शहापूरच्या शेजारीच.

एका शहापूरचं पाणी जातं, दुसऱ्या शहापूरच्या भोवतालची वीज जाते. दोन्ही गावांना कुणी विचारलं नाही. मी मुंबईच्या विरोधात बोलत नाही. मुंबईतही धारावी आहे, माटुंगा लेबर कॅम्प आहे, तिथंही आपलीच माणसं. मी एवढंच म्हणतो, वस्तू निघते कुठून आणि घाण साठते कुठं, ह्याचा नकाशा काढा. मग त्या नकाशावर गावकूस आखून बघा.

इथं कुणी म्हणेल, म्हणजे तुमचा विजेलाच विरोध. बाबासाहेब असते तर काय म्हणाले असते?

बरं झालं विचारलं. भंडाऱ्यानं १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना पाडलं. ते आपल्या जिल्ह्याच्या कपाळावर लिहिलेलं आहे. निदान त्यांनी विजेबद्दल काय केलं एवढं तरी भंडाऱ्याच्या पोरांना पाठ पाहिजे. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. वीज आणि पाटबंधारे त्याच खात्यात. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या हाताखालून गेली. ऑक्टोबर १९४३ मध्ये विजेच्या प्रश्नावर बोलताना त्यांनी जे मांडलं त्याचा अर्थ सरळ आहे : कारखानदारी हा गरिबीच्या चक्रातून सुटायचा रस्ता आहे आणि स्वस्त, भरपूर विजेशिवाय कारखानदारी नाही. वीज त्यांना पाहिजे होती. पण ती माणसाची सुटका करायला पाहिजे होती. पुढं १९४७ च्या निवेदनात त्यांनी मूळ उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असं मांडलं, तेही ह्याच हिशेबानं.

म्हणून कुणी बाबासाहेबांचं नाव घेऊन आपल्याला चिमणी विकायला आला तर त्याला विचारा, सुटका कुणाची झाली ते दाखव. बाबासाहेबांनी विजेचा हेतू सांगितला होता. तुम्ही हेतू गाळून नुसता आकडा ठेवला.

आकड्यांचीच एक गोष्ट सांगतो. १९९७ पर्यंत सरकारच्या लेखी गावाच्या शिवारात कुठंही, कशासाठीही वीज वापरली की गावात वीज आली. पाटलाच्या विहिरीवर एक पंप बसला, गाव उजळलं! १९९७ मध्ये शिवाराऐवजी वस्तीत वीज पाहिजे असं झालं. आणि २००४ साली व्याख्येत लिहावं लागलं की दलित वस्ती असेल तर तिथंही खांब-तारा पोचल्या पाहिजेत आणि निदान दहा टक्के घरांत वीज पाहिजे. लिहावं लागलं, लक्षात घ्या. कायदा करणाऱ्यांना माहीत होतं की न लिहिलं तर खांब गावकुसाशी थांबतो. स्वातंत्र्य मिळून ५७ वर्षं झाली होती.

वीज आमच्याकडे शेवटी आली. राखड पहिल्यांदा आली.

फळा आहे ना? खडू द्या. हिशेब पाठ करू नका, करायला शिका.

१३२० मेगावॅट. दोन्ही संच पूर्ण भारानं २४ तास चालले तर ३ कोटी १६ लाख ८० हजार युनिट. एका युनिटला साधारण साडेसहाशे ग्रॅम कोळसा धरा. दिवसाला झाला २० हजार टन कोळसा. आपल्या देशातल्या कोळशात राख भरपूर असते, तीस टक्क्यांपासून चाळीसच्या वरपर्यंत. मी ३५ धरतो. ७ हजार टन राखड. एका हायवात २० टन धरा. साडेतीनशे हायवे. दर दिवशी. भार कमी असला तर आकडा कमी होईल. पण एवढा डोंगर रोज कुठं तरी ठेवावा लागतो, हे तुमच्या-माझ्या भाषणानं बदलत नाही.

कायदा आहे. १९९९ पासून आहे. ३१ डिसेंबर २०२१ च्या नियमात तर म्हटलंय की सगळी राखड वापरलीच पाहिजे, सिमेंटला, विटांना, रस्त्याला, खाणीतल्या खड्ड्यांना. नाही वापरली तर टनाला १००० रुपये भरपाई. कागद चांगला आहे. आता कागदातून बाहेर या.

जुलै २०२२. कोराडीच्या केंद्राचा खसाळ्याचा राखड बंधारा फुटला. पावसाच्या पाण्याबरोबर राखडीचा लोंढा शेतात, घरात, नाल्यात शिरला. तिथून कोलार नदीत, कोलारमधून कन्हानमध्ये. कन्हानवरून नागपूरच्या बऱ्याच भागाला पाणी जातं, म्हणून पेपरात मोठी बातमी आली. नागपूरच्या नळाला धक्का लागला म्हणून बातमी झाली! खसाळ्याच्या माणसाच्या चुलीत चिखल गेला, ती बातमी आतल्या पानावर.

इथली पोरं म्हणतील, ते झालं तिकडं, आपला काय संबंध? संबंध सांगतो. आंभोऱ्याला नवा पूल झालाय, तुम्ही सेल्फी काढायला जाता. पुलावरून खाली काय दिसतं? कन्हान येऊन वैनगंगेला मिळते. कोलारची राखड, नागपूरच्या नाग नदीची घाण, सगळं कन्हानच्या पाठीवर बसून तिथं येतं आणि गोसीखुर्दच्या धरणात साठतं. त्या धरणाचा पाया १९८८ साली घातला गेला. गावंच्या गावं उठली. ढिवर भावांनी नदी गमावली आणि तळं मिळालं, तेही असं तळं. आणि त्याच गोसीखुर्दचं पाणी पुन्हा मौद्याच्या केंद्राला जातं. वरच्या अंगाला तिरोड्याचं केंद्रही वैनगंगेचंच पाणी उचलतं, धापेवाड्याच्या बॅरेजवरून. एकच नदी, केंद्रं तिच्या दोन्ही अंगांना, मध्ये आपण.

एक गोष्ट चांगली आहे, तीही सांगतो. कोराडीला नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून पुरवतात, भांडेवाडीहून. तेवढं नदीचं पाणी वाचतं. म्हणजे करायचं म्हटलं की जमतं. मग राखडीचं का जमत नाही? २०२१ मध्ये मंथन अध्ययन केंद्र आणि बरोबरच्या संस्थांनी कोराडी-खापरखेडा भागातल्या गावांचं पाणी तपासलं. पारा, अर्सेनिक अशी विषं मर्यादेच्या वर सापडली. आमच्या माया चुलीच्या राखेनं भांडी घासायच्या. राख म्हणजे स्वच्छ, अशी आमची समजूत. ही राख ती नव्हे.

आता हवेचं ऐका. इथं मला सगळ्यात जास्त राग येतो.

कोळशात गंधक असतो. जळला की त्याचा वायू होतो. तो धुऊन काढायचं यंत्र असतं, एफजीडी म्हणतात. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारनं नियम केला, दोन वर्षांत मर्यादेत आणा. दोन वर्षं गेली. मुदत वाढली. पुन्हा वाढली. पुन्हा वाढली. आणि जुलै २०२५ मध्ये नियमच बदलला. आता काय आहे? केंद्राच्या १० किलोमीटरच्या आत दहा लाखांवर वस्तीचं शहर असेल, किंवा दिल्लीचा परिसर असेल, तर यंत्र बसवायचं, २०२७ अखेरपर्यंत. फार बिघडलेल्या हवेच्या शहराजवळ असेल तर तपासून ठरवू. बाकीच्यांना माफी. बाकीचे म्हणजे किती? देशातल्या कोळशाच्या केंद्रांपैकी तीन-चतुर्थांशांहून जास्त.

सरकार म्हणतं, आपल्या कोळशात गंधक कमी, यंत्राचा खर्च जास्त, हवेत फारसा फरक दिसत नाही. ठीक आहे. फरक पडत नाही तर शहराजवळ कशाला बसवता? आणि शहराजवळ बसवावंसं वाटतं, म्हणजे फरक पडतो. दोन्ही खरं कसं असेल?

दोस्तहो, हा नियम मी वाचला तेव्हा मला आमच्या गावची जुनी विहीर आठवली. तिथंही पाण्याला दोन कायदे होते. आता हवेला झाले. दहा लाखांच्या शहराचं फुप्फुस एका वर्गाचं, हजार वस्तीच्या गावाचं फुप्फुस दुसऱ्या वर्गाचं. नियमात जातीचं नाव कुठंच नाही. पण खेड्यात, खेड्याच्याही कडेला, चिमणीच्या आणि बंधाऱ्याच्या अंगाला कोण राहतो ते मोजा. नाव लिहायची गरज राहत नाही.

आता घरचं बोलतो.

माझा बाप एका औष्णिक केंद्रात ठेकेदाराकडं होता. कुठल्या, ते सांगत नाही. नाव बदललं तरी गोष्ट तीच राहते. काम राखड उपसायचं. हॉपर तुंबला की आत शिरून मोकळा करायचा. तोंडाला बायकोच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. संध्याकाळी यायचा तेव्हा पापण्यांवर राखड. आम्ही पोरं हसायचो, बाप म्हातारा झाला म्हणून. पस्तिशीत होता.

मग खोकला. सरकारी दवाखान्यात टीबी म्हणून गोळ्या. सहा महिने खाल्ल्या. पुन्हा खोकला, पुन्हा टीबीच्या गोळ्या. दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही की काम काय करतोस. राखडीत सिलिका असते, आणि सिलिका छातीत बसली की सिलिकोसिस होतो. एक्स-रेत तो टीबीसारखा दिसू शकतो. १९४८ च्या कारखाना कायद्यापासून तो नोंदवण्याजोग्या रोगांच्या यादीत आहे. माझ्या बापाला सिलिकोसिसच होता असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही. मी एवढंच म्हणतो की कुणी तपासलंच नाही.

तो गेल्यावर मी भरपाईसाठी फिरलो. ठेकेदार म्हणाला, माझ्याकडं तो चारच महिने होता, आधीच्या ठेकेदाराला विचार. आधीचा ठेकेदार सापडला नाही. आतल्या साहेबानं हजेरीची वही उघडून दाखवली. नाव नव्हतं. अकरा वर्षं माणूस त्या गेटमधून आत गेला आणि बाहेर आला, आणि वहीत नाव नव्हतं. केंद्राला दर तासाला किती कोळसा जळला ते माहीत असतं. किती युनिट निघाले ते माहीत असतं. राखड किती झाली तेही लिहिलेलं असतं. फक्त ती कुणी उपसली ते लिहिलेलं नसतं.

आता दुसरी बाजू. माझा चुलतभाऊ आज इथंच बसलाय, मागं, खांबाला टेकून. काल रात्री त्यानं मला विचारलं ते मी सगळ्यांसमोर सांगतो, त्याला विचारूनच. तो म्हणाला, "दादा, तू भाषण देशील अन् नागपूरले निघून जाशील. माह्या गेटपासचं काय? नवा संच आला तं दोन-तीन वर्षं काम हाये. तू तं तेच बंद कराले निघाला."

माझ्याकडं ह्याचं झटपट उत्तर नाही. शहरातल्या दोस्तांनो, तुमच्याकडंही नाही. तुम्ही पुस्तकातून कोळशाविरुद्ध बोलाल आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाल. इथल्या पोराला धानाच्या रोवणीचे थोडे दिवस सोडले तर काम नाही. जमीन नाही. शहापूरला इंजिनिअरिंग कॉलेज आहे, पण त्याच्या फीचे पैसे नाहीत. शेजारी जवाहरनगरचा आयुध कारखाना आहे. २४ जानेवारी २०२५ ला तिथं स्फोट झाला, आठ माणसं गेली. दुसऱ्या दिवशीही लोक कामाला जायलाच तयार होते. पोट आहे. तेव्हा पोटाला शिव्या देऊन चळवळ होत नाही.

पण भाऊ, तुला एक विचारतो. तुझा गेटपास किती दिवसांचा? बांधकाम संपलं की तो संपतो. जुना संच बंद झाला की कायम नोकरीवाल्याची बदली होते, ठेकेदाराच्या माणसाला उद्यापासून येऊ नको म्हणतात. तू ज्याला नोकरी म्हणतोस ती माझ्या बापाचीच नोकरी आहे, नवीन हेल्मेट घातलेली. मला तुझा गेटपास फाडायचा नाही. मला त्याच्यावर तुझं नाव, तुझा पीएफ नंबर, तुझी वर्षातून एकदा छातीची तपासणी पाहिजे. आणि तुझ्या घराच्या अंगाला येणारी राखड थांबलेली पाहिजे. ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत असं तुला कुणी शिकवलं? ज्याला दोन्हीही द्यायच्या नाहीत त्यानं.

विदर्भवादी पुढारी म्हणतात, वीज विदर्भाची आणि मजा पश्चिम महाराष्ट्राची. अर्धं खरं आहे. तिरोड्याहून निघालेली ७६५ केव्हीची लाइन कोराडी, अकोला करत पुढं मराठवाड्याकडं जाते, आणि आपला धानवाला शेतकरी पंपाला आठ तास वीज मिळावी म्हणून रस्त्यावर बसतो. पण उरलेलं अर्धं हे पुढारी बोलत नाहीत. विदर्भात राहून विदर्भाच्या विजेवर बंगला बांधणारा कोण आणि विदर्भातच राखड खाणारा कोण? जमीन गेली की मोबदला सातबाऱ्यावर. ज्याच्या शेतात आमची आई वीस वर्षं निंदण करत होती त्याला चेक मिळाला. आईला काय मिळालं? दुसऱ्या गावाचा रस्ता. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात आता लिहिलंय की जमीन नसलेला मजूर, कूळ, तीन वर्षं त्या जमिनीवर पोट असलेलं कुटुंब, तेही बाधित. पण विस्ताराला नवी जमीन लागत नाही म्हटलं की बाधितच कुणी उरत नाही. धुरानं बाधित झालेल्याला सातबारा कुठला आणायचा?

मग करायचं काय? घोषणा नंतर देऊ. आधी चार कामं सांगतो.

पहिलं, जनसुनावणीला जायचं. २००६ च्या नियमाप्रमाणं तीस दिवस आधी नोटीस निघते. प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे मराठीत द्यावा लागतो. प्रदूषण मंडळ ती घेतं, कलेक्टर किंवा त्यांचा अधिकारी अध्यक्ष असतो, चित्रीकरण होतं. शेवटी कुणी काय म्हटलं ते लोकांच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं. वाचल्याशिवाय उठायचं नाही. आणि एक ध्यानात ठेवा, ह्या सुनावणीला कोरमची अट नाही. रिकाम्या खुर्च्यांसमोरही ती झाली असंच धरतात. आपण नाही गेलो तर आपली संमती नव्हती असं कुठंही लिहिलं जात नाही.

दुसरं, तोंडी बोलायचंच, पण लेखीही द्यायचं. पोच घ्यायची. प्रश्न साधे ठेवायचे. राखड रोज किती टन? कुठं ठेवणार? बंधारा फुटला तर कुणाची वस्ती खाली आहे, नाव सांगा. गंधक धुणार की नाही? आमच्या विहिरीचं पाणी कोण तपासणार आणि निकाल कुठं लावणार? विहाराच्या भिंतीवर लावा.

तिसरं, शहरातल्या दोस्तांनी. तुमच्यात कुणी वकील आहे, कुणी मेडिकलला आहे, कुणी पेपरात आहे. दौरा करून लेख लिहू नका. महिन्यातून एक रविवार द्या. छातीच्या तपासणीचा कॅम्प घ्या आणि प्रत्येक कागदावर 'काम काय करतो' हा रकाना भरा. माझ्या बापाच्या कागदावर तो रकाना नव्हता.

चौथं, आपली हजेरीची वही. त्यांच्या वहीत नाव नाही ना, मग आपली काढायची. ह्या वस्तीतून, मौद्याच्या बाजूच्या वस्त्यांतून, तिरोड्याकडून, जो कुणी आत कामाला जातो त्याचं नाव, ठेकेदार, तारीख, काम, गेटपासचा फोटो. दर महिन्याला. कोर्टात ती किती टिकेल ते वकील दोस्त सांगतील. पण उद्या कुणी म्हणालं की हा माणूस इथं नव्हताच, तर निदान उत्तर द्यायला कागद असेल.

काही जण मला म्हणाले, एवढ्यानं चिमणी थांबेल का? नाही थांबणार. आजच्या बैठकीनं एक संचही थांबणार नाही. पण आजवर विस्ताराचा हिशेब एकाच बाजूनं मांडला गेला. एवढे कोटी, एवढे मेगावॅट, एवढा विकास. दुसरी बाजू कोरी राहिली, कारण ती आपल्या हातानं लिहायची होती आणि आपण लिहिली नाही. ज्या दिवशी राखडीचा टन आणि टन, आजारी छाती आणि छाती, गेलेली मजुरी आणि मजुरी त्या दुसऱ्या बाजूला लिहिली जाईल, त्या दिवशी 'स्वस्त वीज' हा शब्द कुणाला सहज उच्चारता येणार नाही. ती स्वस्त आहे कारण उरलेली किंमत आपण भरतो. आधी ती किंमत मांडा, मग सांगा की आणखी संच पाहिजे का, आणि पाहिजे तर कुठं, कुणाच्या दारात.

वही मी आणली आहे. साधी दोनशे पानी. पहिल्या पानावर बापाचं नाव लिहिलंय. तारखा मायनं सांगितल्या, कुठला सण होता, कोण जन्माला आलं होतं त्यावरून. काम : राखड उपसणे. ठेकेदार : तीन, नावं माहीत. काळ : अकरा वर्षं.

दुसरी ओळ रिकामी आहे. चुलतभाऊ खांब सोडून पुढं येतोय असं दिसतं. ये रे. पेन कुणाकडं आहे?

जय भीम.